शेरा : बोललो

३ फेब्रुवारी

बाबा,

वडिलांना पत्र लिहिताना वर काय काय लिहायचं असतं ते आईनं शिकवलं होतं. पण आठ वर्षं तोंड न दाखवलेल्या मुलीनं नमस्कार लिहिला तर तो टोमणा वाटेल. म्हणून नुसतं बाबा.

तुमचा दवाखाना लाल यादीत आला आहे.

लगेच कपाळाला आठी नको. लाल यादी म्हणजे काय ते आधी ऐका. मी सरकारी आरोग्य विम्याच्या कचेरीत, हृदयविकार विभागात काम करते, एवढं तुमच्या कानावर असेलच. प्रत्येक पेशंट तपासला की दवाखाना आम्हाला एक ओळ पाठवतो. तारीख, पेशंटचं वय, काय तपासलं, किती मिनिटं लागली, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. नावं नसतात. पेशंटचा एक नंबर, दवाखान्याचा एक नंबर. अशा लाखो ओळी चाळायच्या आणि कोणाचं काम बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसतंय ते शोधायचं, यासाठी मला खुर्ची दिली आहे. वेगळं म्हणजे वाईट असं काही नाही. पण संगणकाला तेवढा पोच नाही, तो सरळ लाल करून मोकळा होतो.

तुमचं लाल का झालं तर वेळेमुळे. बाकीचे हृदयवाले दहातल्या एखाद्या पेशंटला पंधरा मिनिटांच्या वर देतात. तुमच्याकडे दहातल्या नऊ जणांना चाळीस मिनिटं. आणि जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी, जो शेऱ्याचा रकाना कोणीच कधी भरत नाही त्यात, एकच शब्द. "बोललो."

बोललो! तुम्ही!

आमच्या विभागप्रमुख, त्यांना आम्ही नुसतं बाई म्हणतो, चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "हा डॉक्टर एक तर देवमाणूस आहे, नाहीतर पक्का थापाड्या. तू बघ जरा." आणि फाइल माझ्या टेबलावर ठेवली. थाप निघाली तर दवाखान्याचा नंबर योजनेतून कापतात. मग विम्यावरचा एकही पेशंट तुमचा जिना चढणार नाही.

नावं नसताना मला कसं कळलं, असं विचाराल. तुमच्या प्रत्येक पेशंटचे दोन ईसीजी असतात, एक आल्या आल्या आणि एक दहा मिनिटांनी. दुसरा नुसता नोंदवलेला, त्याचे पैसे मागितलेले नसतात. दोन मजले चढून आलेल्या माणसाचं हृदय खोटं बोलतं, त्याला दहा मिनिटं टेकू द्यावं, मग विचारावं, हे तुमचंच. मी शाळेतून दवाखान्यात यायची तेव्हा बाकावर माणसं अशी गप्प बसलेली असायची की मला ती शिक्षा झालेली मुलं वाटायची.

नातेवाइकाची फाइल आली तर लगेच सांगून टेबलावरून उठायचं, असा आमचा नियम आहे. बाईंना मी म्हटलं, "बघते."

हे पत्र पाठवायचं की नाही ते ठरलेलं नाही. लिहीत होते तेवढ्यात फोन वाजला, चुकीचा नंबर होता.

११ फेब्रुवारी

बाबा,

आधीच्या पत्रात मी साळसूदपणे लिहिलं, फाइल आली आणि मला कळलं म्हणून. तसं नाही. तुमचा नंबर मला सहा वर्षांपासून पाठ आहे. दर सोमवारी नव्या ओळी येतात. सगळे आधी चहाला जातात, मी आधी तुमच्या ओळी उघडते. नियमात हे बसत नाही. पेशंटांकडे मी बघत नाही, हे खरंच, पण तुमच्याकडे बघते.

तुम्ही बुधवारी दुपारी अजूनही दवाखाना बंद ठेवता. चार वर्षांपूर्वी सलग नऊ दिवस एकही ओळ नव्हती, तेव्हा मी नऊ दिवस धड जेवले नाही, आणि दहाव्या दिवशी एकदम एकवीस ओळी आल्या तेव्हा तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. ताप आला असेल तर माणसानं पडून राहावं, एकवीस पेशंट नाही बघत. उन्हाळ्यात तुम्ही पहिला पेशंट सातला घेता. आधी आठला घ्यायचात. म्हणजे झोप कमी झाली आहे. अँजिओग्राफीला तुम्ही पेशंट पाठवता, पण बाकीच्यांच्या निम्म्याने. पाठवलेल्यांतले मात्र बहुतेक खरोखर अडलेले निघतात. आमच्या भाषेत याला अचूक डॉक्टर म्हणतात. मला एकदा हे आकडे मोठ्या बैठकीत दाखवायला मिळाले. नंबर लपवून दाखवले, पण आवाज थोडा चढला होता, बाई नंतर म्हणाल्यासुद्धा, "काय गं, जणू तुझाच पराक्रम!"

तीन वर्षांपूर्वी तुमच्या शेऱ्यात काहीतरी बदललं. काही ओळींत "बोललो", काहींत "बोलले". फरक एका कान्याचा. मी ती ओळ बघून खुर्चीत मागे रेलले आणि हसले. तुम्ही हाताखाली डॉक्टरीणबाई घेतल्यात! आणि तिलाही तीच सवय लावलीत. माझ्या वेळी म्हणायचात, बायकांनी या धंद्यात पडू नये, जन्माची झोप जाते. मी आकड्यांत पडले ते त्यामुळेच, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मी त्या अनोळखी डॉक्टरणीवर जळले, बाबा. खोटं कशाला बोलू. ती रोज सकाळी त्या जिन्यानं वर जाते आणि तुम्ही तिला शिकवता.

लोकांची मुलं वडिलांचे फोटो बघतात. मी मिनिटं बघते. चाळीस मिनिटं लिहिलेली ओळ आली की मला वाटतं, कोण असेल तो, ज्याला माझ्या बापाची चाळीस मिनिटं मिळाली. मला लहानपणी जेवणाच्या ताटावर मिळायची ती पाच, त्यातली दोन तुम्ही आमटी ढवळण्यात घालवायचात. तुम्ही मला जादाचा ठोका म्हणायचात, आठवतं? आई चिडायची. तुम्ही तिला समजवायचात, अगं, जादाचा ठोका धोक्याचा नसतो, नियमात बसत नाही एवढंच, आणि तो पडला की माणसाला कळतं तरी आपल्याला हृदय आहे म्हणून. एवढं लांबलचक वाक्य तुम्ही घरात पुन्हा कधी बोलला नसाल.

डिसेंबरपासून तुमचे "बोललो" कमी झालेत आणि तिचे "बोलले" वाढलेत. सुट्टीवर गेला असाल.

१९ फेब्रुवारी

बाबा,

आमच्याकडे एक तपासनीस आहे. त्याला सगळे शंकासुर म्हणतात, अगदी तोंडावर. चहा समोर आला की "साखर आहे ना?" असं तो तीनदा विचारतो आणि तरी चमच्यानं ढवळून बघतो. बाईंनी तुमच्या फाइलवर माझ्या जोडीला त्याला बसवलंय.

त्याचं म्हणणं पहिल्या दिवशीच ठरलं होतं. "एकदा शब्द टाइप केलाय आणि संगणकाला सांगितलंय, प्रत्येक ओळीला चिकटव. दीर्घ तपासणीचा पुरावा म्हणून. माणूस इतकं बोलतो का? मी माझ्या बायकोशी नाही बोलत."

मी म्हटलं, "चिकटवलं असतं तर सगळीकडे सारखं असतं. हे बघा, इथे बोललो आहे, इथे बोलले आहे."

"मग काय झालं? बोलले म्हणजे डॉक्टर बोलले. आदरार्थी. दवाखान्यातल्या कारकुनानं भरलंय."

"बोलले म्हणजे मी बोलले. बाई आहे ती. दुसरी डॉक्टर आहे तिथे."

तो माझ्याकडे वळला. "तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हटलं, अंदाज. मग उठून पाणी पिऊन आले.

त्यानं जुन्या ओळी मागवल्या. हा शब्द पहिल्यांदा कधी आला ते शोधायचं ठरलं. शोधायची गरज नव्हती, मला तारीख ठाऊक आहे. तरी मी मुकाट्यानं त्याच्या शेजारी बसले आणि आम्ही वर्षं मागे सरकवत गेलो. आठ वर्षांपूर्वीचा एक सोमवार. त्याआधी तुमच्या शेऱ्याचा रकाना कोरा. सोमवारी सकाळी पहिल्याच ओळीला, बोललो.

"या सोमवारी काय झालं असेल हो?" शंकासुरानं विचारलं.

सोमवारी काही झालं नव्हतं. त्याच्या आधीच्या गुरुवारी झालं होतं. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. आईचा चष्मा अजून खिडकीत होता. मी विचारलं, तिच्या हृदयाची झडप खराब आहे हे तुम्हाला पाच महिने माहीत होतं, तुम्हाला मला एक फोन करता आला नाही? तुम्ही नळ बंद केलात आणि म्हणालात, "सांगून काय झालं असतं?"

मी म्हटलं, मी आले असते.

एवढंच. त्यापुढे मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठ असेल. संध्याकाळच्या गाडीनं निघाले ती निघालेच.

आणि सोमवारी सकाळी तुम्ही त्या रकान्यात लिहायला लागलात. सहा वर्षांपूर्वी या कचेरीत आले, तुमचा नंबर हुडकला आणि ती तारीख पहिल्यांदा पाहिली. त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. तुम्ही ऐकलं होतंत. पण माझ्याऐवजी सगळ्या गावाशी बोलत सुटलात, याचा रागही तेवढाच आला. तेव्हाच फोन करायला हवा होता. मी वाट बघत बसले की तुम्ही कराल.

२७ फेब्रुवारी

बाबा,

आज तुम्हाला सांगण्यासारखं आहे म्हणून दुपारच्या सुट्टीत लिहितेय, हाताला पोळीचं तूप लागलंय, डाग दिसेल.

शंकासुरानं पेशंटांना फोन लावायला सुरुवात केली. नंबर आम्हालाही दिसत नाहीत, कळ दाबली की यंत्र लावतं. विचारायचं एवढंच, डॉक्टर तुमच्याशी किती वेळ बोलले? मला धाकधूक होती, कारण तुम्ही कोणाशी चाळीस मिनिटं बोलू शकता यावर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता.

पहिलेच आजोबा म्हणाले, "माझ्याशी? माझ्याशी कुठे बोलतायत! चार वाक्यं. तोंड उघडायला पैसे पडतात की काय त्यांना."

शंकासुराचे डोळे चमकले. त्यानं फॉर्मवर फुली मारली. दुसरी बाई म्हणाली, नाही हो, माझ्याशी विशेष नाही. दुसरी फुली. तिसऱ्या फोनला एक रिटायर झालेला बसचालक होता, त्याचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू येत होता. "बोलले? अहो, बोलले म्हणजे काय, माझ्या जावयाला झापला त्यांनी!"

"जावयाला?"

"मग? मला म्हणाले, घरी कोणाला सांगितलंत? म्हटलं, कोणाला नाही, उगाच कशाला पोरीच्या जिवाला घोर. तर म्हणाले, लावा फोन. इथून. माझ्यासमोर. पोरगी उचलेना, ती बँकेत असते. तर आम्ही दोघं बसून राहिलो. ते पेपर वाचत बसले, मी भिंत. तीनदा लावला. शेवटी जावयानं उचलला. मग डॉक्टरांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सगळं सांगितलं त्याला. काय झालंय, किती आहे, काय करायचं. तो म्हणाला, रविवारी येतो, तर म्हणाले, आज या."

शंकासुरानं पेन खाली ठेवलं. पहिल्या आजोबांना पुन्हा फोन लावला. ते म्हणाले, "हां, ते होय. माझ्या बहिणीशी बोलले की. अर्धा तास. मग तसं विचारायचं ना!"

बाबा, आम्ही चुकीचा प्रश्न विचारत होतो. तुमच्या शेऱ्यातला शब्द पेशंटसाठी नव्हताच. बोललो म्हणजे घरच्यांशी बोललो. चाळीस मिनिटं बोलण्याची नाहीत, कोणीतरी फोन उचलेपर्यंत थांबण्याची आहेत.

मला इतकी वर्षं वाटत होतं, तुमच्या ओळी मला वाचता येतात. एक शब्द वाचता आला नाही. जो माझ्यासाठीच लिहिला होता तो.

आणखी एक कबूल करायचंय, ते कधीतरी करायचंच होतं. आईनंच तुम्हाला गप्प बसवलं होतं. परीक्षा होऊ दे तिची, मग सांगू, असं ती म्हणाली असणार. मला हे त्या गुरुवारीही कळत होतं. पण ती गेली होती, तिच्यावर चिडता येत नव्हतं. तुम्ही हाताशी होतात. आणि तुम्हीही असे, की एकदासुद्धा म्हणाला नाहीत, ती नको म्हणाली होती म्हणून.

शंकासुर आता नवा फॉर्म करतोय. यापुढे फोन नातेवाइकांना, दवाखान्यानं नोंदवलेल्या नंबरांवर.

५ मार्च

बाबा,

अक्षर लागलं नाही तर समजून घ्या.

काल दुपारी शंकासुर माझ्या समोरच्या टेबलावर बसून नातेवाइकांना फोन लावत होता. बावीस जणांनी सांगितलं, हो, डॉक्टर बोलले. तो हिरमुसला होता आणि खूशही होता, असा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. शेवटी म्हणाला, "एकच ओळ राहिली. उशिरा, आज सकाळी आलेली. सगळ्यांपेक्षा वेगळा शेरा आहे. हिला सोडून चालणार नाही." आणि कळ दाबली.

माझा फोन वाजला.

कचेरीचाच नंबर दिसला, मला वाटलं बाई आतून बोलावतायत. मी उचलला. "नमस्कार, आरोग्य विम्यातून बोलतोय," असं कानात आलं आणि तेच टेबलापलीकडूनही आलं. शंकासुर पडद्यावर वाकून वाचत होता, त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यानं वाचून टाकलं. "पेशंट आपले वडील. वय बहात्तर. झडपेच्या ऑपरेशनचा सल्ला दिलाय. दवाखान्याच्या शेऱ्यात लिहिलंय, मुलीशी बोलायचं राहिलं. तर याबद्दल डॉक्टर आपल्याशी बोलले का?"

मला हे असं कळलं, बाबा. तुमच्या झडपेबद्दल. छापील फॉर्मवरून.

मी म्हटलं, "नाही."

"फोन आला नाही का आपल्याला?"

"आला होता. दोनदा. मी उचलला नाही."

माझा आवाज समोरूनच येतोय हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं मान वर केली. आम्ही दोघं कानाला फोन लावून एकमेकांकडे बघत होतो आणि पलीकडच्या टेबलांवरचे लोक आमच्याकडे बघत होते. मग त्यानं आपला फोन हळूच खाली ठेवला. फॉर्मवर काही लिहिलं नाही. म्हणाला, "चहा घेऊ या का?" चहा आला, साखर आहे का असं त्यानं एकदाही विचारलं नाही.

तो चुकीचा नंबर नव्हता, बाबा. तीन फेब्रुवारीचा. दवाखान्याचा नंबर होता, दहावीत असताना मी तो वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला, तेव्हापासून पाठ आहे. मी तो वाजताना बघत बसले. चौदा वेळा वाजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौदा वेळा. मला वाटलं, आता आठवण झाली का. मला वाटलं, आणखी एकदा करू दे, मग उचलते. तुम्ही त्या वेळी पेशंटच्या खुर्चीत बसला होतात हे मला माहीत नव्हतं. ते चौदा तुम्ही तिथे बसून मोजले असतील, तुम्हाला मोजायची सवय आहे.

मी बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. वडील आहेत. सहा वर्षं दर सोमवारी बघते. बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, तो त्या फक्त रागावताना घेतात. "तुला नियम माहीत होता. माहीत असून केलंस. मला हे वर कळवावं लागेल." मी म्हटलं, कळवा. तुमची फाइल माझ्याकडून काढली. शंकासुरानं एकट्यानं निकाल लिहिला, त्यात माझा हात नाही, तुम्हाला बरं वाटेल. शेरा खरा, वेळ खरी, दवाखाना लाल यादीतून काढावा. मला मात्र पुढच्या महिन्यापासून दातांच्या विभागात टाकणार आहेत. तुमच्या ओळी आता मला दिसणार नाहीत.

जाताना बाई म्हणाल्या, "आकडे बघून झाले असतील तर माणसाला बघून ये."

संध्याकाळी मी दवाखान्याला फोन लावला. तुमच्या धाकट्या डॉक्टरणीनं उचलला. आवाज छान आहे तिचा, मला तिच्यावर जळता येईना. मी कोण ते सांगितल्यावर ती एकदम भडकली. "कुठे होतात तुम्ही? महिना झाला, मी ऑपरेशनची तारीख धरू शकत नाहीये! घरच्यांशी बोलल्याशिवाय तारीख धरायची नाही, हा त्यांचाच नियम. म्हटलं, सर, मी लिहून टाकते बोलले म्हणून, कोण बघतंय. तर माझ्यावरच ओरडले, खोटा शेरा लिहायचा नाही. तिसऱ्यांदा लावते म्हटलं, तर म्हणाले, नको, तिला कामं असतात. नियमाला सूट देत नाहीत, फोन लावू देत नाहीत, आणि जिना रोज चढतात! दुसऱ्या ईसीजीची दहा मिनिटं आता वीस झालीत त्यांची."

तिला मी एवढंच विचारलं की तुम्ही केव्हा असता. ती म्हणाली, सोमवारी साडेदहाला त्यांची तपासणी आहे. मी म्हटलं, सांगू नका त्यांना, मी येते.

सांगून काय झालं असतं, असं तुम्ही विचारलं होतंत. मी आले असते, असं मी म्हटलं होतं. या वेळी सांगायला तुम्ही दोनदा फोन केलात, आणि मी आले नाही. आता आपलं कोणाचंच कोणाकडे काही देणं उरलं नाही, बाबा. मला फक्त तुम्ही हवे आहात.

९ मार्च, सोमवार, तुमच्या बाकावरून

बाबा,

जिन्याला कठडा नवा लावलाय. बाक तोच आहे, माझ्या बाजूची पट्टी अजून चिमटा काढते.

काउंटरवरच्या मावशींनी मला दारातच ओळखलं. ओळखलं आणि बोट दाखवलं बाकाकडे. "दहा मिनिटं टेका. चढून आलाय." मी म्हटलं, मावशी, मी पेशंट नाही. त्या म्हणाल्या, "माहीत्ये मला काय आहात ते. टेका." म्हणून टेकले आहे. आधीची पाच पत्रं पिशवीत आहेत. हे सहावं. पाठवायचा प्रश्न मिटला, हातातच देते.

धडधड ऐकू येतेय मला माझी, कानात. आत्ता कोणी काही विचारलं तर हे खोटंच बोलेल. नाही, इतक्यात काही नाही, सहज आले होते, असं.

बाकावर माझ्याशेजारी एक जोडपं आहे. तो म्हणतोय, मुलाला कशाला कळवायचं, तो परगावी आहे. ती म्हणतेय, हे डॉक्टर सोडणार आहेत का तुम्हाला. मला हसू आलं. त्यांना वाटलं मी त्यांना हसले, म्हणून मी सांगितलं, माझे वडील आहेत हो ते डॉक्टर. आठ वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य कोणापुढे बोलले. त्या बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "नाक तेच आहे."

मावशींनी वही पुढे केली. पेशंटचं नाव त्यांनीच लिहिलेलं होतं. त्याखाली, सोबत कोण. मी लिहिलं, मुलगी. अक्षर बरं आलं.

दार अर्धवट उघडं आहे. तुम्ही पेशंटच्या खुर्चीत बसला आहात, मला पाठ दिसतेय. किती वाळलात. सदऱ्याची कॉलर उलटी झालीय, कोणी सांगितलं नाही का सकाळी? कोण सांगणार. ती टेबलापलीकडे बसली आहे, तिनं मला बघितलंय पण चेहऱ्यावर दाखवत नाही, शहाणी मुलगी आहे. ती तुम्हाला म्हणतेय, "सर, आज शेवटचं एकदा लावू?" तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघताय. म्हणताय, "कामात असेल."

मग, बऱ्याच वेळानं, "लाव."

ती लावतेय. तुम्ही मान खाली घालून बसलाय, बोटं गुडघ्यावर, मोजायच्या तयारीत.

माझ्या पिशवीत फोन वाजला. बोटं थांबली तुमची. तुम्ही अजून मागे वळला नाही आहात.

बाबा, एकच वाजलाय. उचलते.